कुंडीबाहेर गेलेलें ऑर्किड

मुंबई-पुण्याकडील घरांतून ऑर्किडची कुंडी आतां नवलाची राहिलेली नाहीं. कोणी ती वाढदिवसाला भेट म्हणून देतें, कोणी फुलांच्या प्रदर्शनांतून हौसेनें आणतें. जांभळ्या-पांढऱ्या फुलांची लांब दांडी महिना-दीड महिना दिवाणखान्याला शोभा आणते, आणि फुलें गळलीं कीं कुंडी गच्चीच्या कठड्याशीं जाऊन बसते. पुढें चार-पांच वर्षें तिच्याकडे पाणी घालण्यापलीकडे कोणाचें लक्ष नसतें. मग एके दिवशीं दिसतें तें असें: वीतभर कुंडींत बारा-पंधरा खोडांची दाटी झाली आहे, त्यांतील निम्मीं पर्णहीन व सुरकुतलेलीं आहेत, नवे कोंब कुंडीचा कांठ ओलांडून अधांतरीं उभे आहेत, आणि जाड, पांढरीं मुळें कांहीं बाहेर लोंबत आहेत, तर कांहीं कुंडीच्या भिंतीला घट्ट चिकटून बसलीं आहेत. जरा वारा सुटला कीं सारें प्रकरण कलंडतें.

येथें घरांतील माणसांना दया येते. मोठी कुंडी आणली जाते, बागेंतील काळी माती व शेणखत कालवलें जातें, झाड उपसून त्यांत खोल रोवलें जातें आणि वर तांब्या-तांब्यानें पाणी ओतलें जातें. तीन-चार महिन्यांनीं झाड मरतें. मरणाला इतका विलंब लागत असल्यामुळें दोष कधीं पावसाला, कधीं उन्हाला, तर कधीं शेजाऱ्याच्या दृष्टीला दिला जातो. त्या दिवशींच्या दयेवर मात्र कोणाचा संशय जात नाहीं. आठ-दहा वर्षें उपेक्षेंत जगलेलें झाड एका दुपारच्या प्रेमानें मरावें, ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी तिचें कारण अगदीं साधें आहे. झाडाला काय हवें आहे याचा विचार माणसानें आंब्या-गुलाबाच्या हिशेबानें केला; ऑर्किडच्या हिशेबानें केला नाहीं.

ऑर्किड हें एका झाडाचें नांव नव्हे. तें एका अफाट कुलाचें नांव असून त्यांत पंचवीस हजारांहून अधिक जाति मोजल्या जातात. त्यांतील पुष्कळ जमिनींत वाढतात, पुष्कळ झाडांवर वाढतात, आणि एकाला लागू पडणारी गोष्ट दुसऱ्याला पडेलच असें नाहीं. आपल्याकडील घरांतून जें बहुधा आढळतें तें डेन्ड्रोबियम. दादरच्या फुलबाजारांत जांभळ्या ऑर्किडच्या ज्या दांड्या विकावयास येतात, त्या याच वंशाच्या. ओलोफ स्वार्त्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७९९ सालीं या वंशाला हें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील ‘झाड’ आणि ‘जीवन’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून तें बनलें आहे. कुंड्यांतून दिसणारे संकर अनेक पिढ्यांचे आहेत. परंतु त्यांच्या पूर्वजांतील एक प्रमुख जाति डेन्ड्रोबियम बिगिब्बम ही उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी या बाजूची होय. जॉन लिंडली यानें १८५२ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि १९५९ पासून ती क्वीन्सलंड राज्याचें पुष्पचिन्ह आहे. तिच्या मूळ मुलुखांत कांहीं महिने धो-धो पाऊस आणि पुढें लांबलचक कोरडा काळ असतो. कोकणच्या माणसाला हें ऋतुमान समजावून सांगण्याची गरज नाहीं, आणि हें झाड मुंबईच्या हवेंत इतकें रमतें याचें अर्धें कारणही तेंच.

नांवांतच म्हटल्याप्रमाणें हें झाड झाडावर जगतें. तेवढ्यावरून त्याला बांडगूळ समजण्याची चूक सर्रास होते. बांडगूळ आपलीं मुळें आश्रयदात्याच्या लाकडांत खुपसून त्याचा रस शोषून घेतें. ऑर्किड असलें कांहींच करीत नाहीं. तें फांदीवर केवळ बसतें. चांगला बिऱ्हाडकरू जसा माडीवर राहतो, पण घरमालकाच्या स्वयंपाकघरांत शिरत नाहीं, तसा हा प्रकार आहे. पावसाचें पाणी, सालीच्या खांचेंत सांचलेला पालापाचोळा आणि चोहोंकडून खेळणारी हवा एवढ्यावर त्याचा संसार चालतो.

या संसाराची सारी युक्ति मुळांत आहे. ऑर्किडचें मूळ हातीं घेऊन पाहिलें तर तें दोऱ्यासारखें बारीक नसून पेन्सिलीच्या शिशाहून बरेंच जाड दिसतें, आणि त्यावर चंदेरी-पांढरें आवरण असतें. हें आवरण मृत पेशींचें असून स्पंजासारखें काम करतें. पावसाची सर आली कीं तें पाणी झपाट्यानें शोषून घेतें. मग आंतील जिवंत भाग तें हळूहळू आपलेंसें करतो. पाणी घातल्यावर मूळ पाहतां पाहतां हिरवें होतें तें याच कारणानें: ओलें आवरण पारदर्शक होतें आणि आंतील हिरवा थर बाहेर दिसूं लागतो. पण स्पंज ओला होणें जितकें आवश्यक, तितकेंच तो पुन्हां सुकणेंही आवश्यक आहे. त्याला हवा मिळाली नाहीं, सतत चिखलांत राहावें लागलें, तर तो कुजतो, आणि त्याच्याबरोबर आंतील जिवंत धागाही कुजतो. बागेची माती ऑर्किडला मारते ती विषारी असल्यामुळें नव्हे. ती मुळांचा श्वास कोंडते म्हणून.

हें एवढें सत्य समजण्यास इंग्लंडांतील शौकीन धनिकांना कित्येक वर्षें लागलीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उष्ण प्रदेशांतून जहाजें भरून ऑर्किडें तिकडे नेलीं जात, आणि कोंदट, कडेकोट बंद अशा कांचघरांत तीं शेकड्यांनी मरत. १८३० नंतरच्या दशकांत डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानें कांचघरांत हवा खेळती ठेवण्यावर आणि निरनिराळ्या जातींना निरनिराळें तपमान देण्यावर भर दिला, तेव्हां कोठें चित्र पालटलें. पुढें लंडनचा सुप्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस उभारणारा तो हाच गृहस्थ. याच ड्यूकनें जॉन गिब्सन नांवाच्या तरुण माळ्याला १८३५ सालीं हिंदुस्थानांत पाठविलें होतें. खासी टेकड्यांतून त्यानें जमविलेला ऑर्किडांचा मोठा संग्रह १८३७ सालीं चॅट्सवर्थला पोंचला, आणि त्यांतील एका डेन्ड्रोबियमला त्याचेंच नांव मिळालें. आपल्या अरण्यांतील झाडें जगविण्याची विद्या अशी परदेशांतल्या कांचघरांत, पुष्कळ झाडांच्या बळीवर शिकली गेली. ज्यांच्या गच्चीवर समुद्राचें वारें आयतें खेळतें त्यांना तरी ती पुन्हां त्याच किंमतीला शिकण्याचें कारण नाहीं.

आतां कुंडीकडे वळावें. डेन्ड्रोबियमची वाढ गुलाबासारखी एका खोडावर होत नाहीं. तें आडवें चालतें. कुंडीच्या पृष्ठभागावरून एक आखूड, कणखर आडवें खोड पुढें पुढें सरकत असतें, आणि वर्षाला त्यावर एक-दोन उभीं, फुगीर, उंसाच्या कांड्यांसारखीं पेरांचीं खोडें येतात. म्हणजे झाडाला एक पुढची बाजू असते आणि एक मागची. पुढें नवे कोंब, मागें जुनीं खोडें. चार-पांच वर्षांत झाड चालत चालत कुंडीचा कांठ गांठतें आणि पाय बाहेर टाकतें. एवढ्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. या जातीला कुंडींत दाटी आवडते, असें जाणते लोक सांगतात तें खरें आहे. अडचणीच्या कुंडींत तें सुखानें फुलतें. तेव्हां मुळें बाहेर लोंबतात एवढ्याच कारणावरून कुंडी बदलूं नये.

खरें कारण आंत असतें. कुंडीत भरलेलें नारळाचें सोडण किंवा झाडाची साल दोन-तीन वर्षांत कुजून तिचा भुगा होतो. भुगा झाला म्हणजे ती माती झाली. हवेच्या वाटा बुजल्या. बोट खुपसून पाहावें. आंतील माल मऊ, चिखलट लागला, आंबूस वास आला, पाणी घातल्यावर तें भराभर खालून न जातां वर तुंबून राहिलें, तर कुंडी बदलण्याची वेळ आली असें समजावें. त्याचप्रमाणें सर्वच नवे कोंब बाहेर गेले असतील आणि त्यांच्या मुळांना धरावयास कांहींच उरलें नसेल, तरीही बदल करणें योग्य.

परंतु कोणत्या दिवशीं? या प्रश्नावर झाडाचें जगणें-मरणें अवलंबून असतें, आणि नेमका तोच कोणी विचारीत नाहीं. सुटी कधीं आहे, माळी कधीं येणार आहे, यावर मुहूर्त ठरतो. ऑर्किडच्या जुन्या मुळांना एकदां इजा झाली कीं तीं सहसा पूर्ववत् होत नाहींत. झाडाचा सारा भरंवसा नव्या मुळांवर असतो, आणि हीं नवीं मुळें नव्या कोंबाच्या बुडाशीं, वर्षांतील ठराविक काळांतच फुटतात. कोंब तीन-चार बोटें वर आला, त्याच्या बुडाशीं हिरवट टोंकाचे बारीक उंचवटे दिसूं लागले, म्हणजे मुहूर्त आला. त्या आठवड्यांत कुंडी बदलली तर मुळें लांब होतां होतां थेट नव्या मालांत शिरतात आणि झाडाला आपलें स्थलांतर जाणवतही नाहीं. आधीं बदलली तर झाड महिनोन्महिने बिनमुळांचें राहतें. उशिरां बदलली तर दोन इंच वाढलेल्या कोवळ्या मुळांचीं टोंकें कामांत मोडतात, आणि वर्षाची कमाई बुडते. आपल्याकडे हा योग पुष्कळदां चैत्रापासून ज्येष्ठापर्यंतच्या काळांत येतो. पण पंचांगापेक्षां कोंबाच्या बुडाकडे पाहणें अधिक खात्रीचें. झाड फुलांवर असेल तर थांबावें. कुंडींतील माल सडून मुळें कुजूं लागलीं असतील तर मात्र कशासाठींच थांबूं नये. तेथें फुलांचा लोभ धरणें म्हणजे घर पेटलें असतां पडदे वाचविण्यासारखें आहे.

काम सुरू करण्यापूर्वीं नवा माल तयार असावा. लाकडी कोळशाचे आणि विटेचे सुपारीएवढे तुकडे, व त्यांत थोडे सोडणाचे चौकोनी तुकडे, हें मिश्रण मुंबईच्या दमट हवेला पुरेसें होतें. सोडण दिवसभर भिजत घालून दोन-तीनदां पाणी बदलावें, म्हणजे त्यांतील क्षार आणि तांबूस रंग निघून जातो. पुण्यासारख्या कोरड्या हवेंत सोडणाचें प्रमाण थोडें वाढवावें. माती नको, वाळू नको, शेणखत तर नकोच नको.

आदल्या रात्रीं झाडाला चांगलें पाणी द्यावें. भिजलेलीं मुळें लवचिक होतात, कोरडीं काडीसारखीं मोडतात. मग झाड कुंडींतून काढावें. येथें ओढाताण करूं नये. मातीच्या कुंडीला मुळें अशीं चिकटतात कीं ओढल्यास मूळ तुटेल पण भिंत सोडणार नाहीं. अशा वेळीं कुंडी फोडणें हाच शहाणपणा. हातोडीचे हलके ठोके द्यावे आणि ज्या खापऱ्यांना मुळें घट्ट चिकटलीं असतील त्या तशाच राहूं द्याव्या. त्या नव्या कुंडींत खुशाल घालाव्या. आठ-दहा रुपयांची असो कीं शंभरांची, कुंडी पुन्हां मिळते.

त्यानंतर मुळांतील जुना भुगा पाण्याच्या धारेखालीं धुवून काढावा आणि एकेक मूळ बोटांत दाबून पाहावें. जें टणक लागतें तें जिवंत, मग त्याचा रंग पांढरा असो वा तपकिरी. जें दाबतांच पिचतें, ज्याचें साल सुटून हातांत नुसता दोरा राहतो, तें मेलेलें, तेवढेंच कापावें. कातरी प्रत्येक झाडाआधीं दिव्याच्या ज्योतीवर तापवून घेण्यास विसरूं नये. ऑर्किडांना विषाणूंचे रोग होतात आणि ते एका झाडाच्या रसांतून दुसऱ्या झाडांत कातरीच्या पात्यावरून जातात. त्यावर औषध नाहीं.

मग येतो जुन्या खोडांचा प्रश्न. पानें गळालेलीं, सुरकुतलेलीं खोडें पाहून घरांतील नीटनेटक्या माणसाचा हात शिवशिवतो. परंतु तीं खोडें म्हणजे झाडाचें कोठार आहे. पाणी आणि अन्न त्यांत साठविलेलें असतें, आणि नव्या कोंबाचें पोषण त्यांवरच होतें. शिवाय अशा पर्णहीन खोडाच्या शेंड्याकडून पुन्हां फुलांची दांडी येणें ही नेहमींची गोष्ट आहे. कोकणांत आंब्याच्या फांद्यांवर डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम ही आपल्याकडची जाति वाढते. पावसाळा सरला कीं तिचीं पानें झडतात, काटक्यांचा झुपका तेवढा राहतो, आणि त्याच उघड्या काटक्यांवर हिंवाळा-उन्हाळ्यांत पांढरीं फुलें डंवरतात. पान नाहीं म्हणजे प्राण नाहीं हा न्याय येथें चालत नाहीं. जें खोड पार वाळून पोकळ झालें असेल किंवा मऊ पडून काळें झालें असेल, तेंच काढावें.

झाड फार मोठें असेल तर त्याचे भाग करतां येतात, आणि यांतच या साऱ्या खटाटोपाचा खरा लाभ आहे. आडवें खोड दोन खोडांच्या मधोमध कापावें. प्रत्येक भागाला निदान तीन-चार खोडें आणि त्यांचीं स्वतःचीं मुळें असावीं. लोभानें एकाचे पांच केले तर पांचही वर्षानुवर्षें खुरटत राहतात. कापलेल्या जागीं पुष्कळ लोक हळद किंवा दालचिनीची पूड लावतात. ती जखमेपुरती ठेवावी, मुळांवर उडूं देऊं नये, कारण दालचिनीनें मुळें सुकतात. अशा रीतीनें एका कुंडीच्या दोन किंवा तीन झाल्या म्हणजे एक बहिणीकडे जाते, एक शेजारीं जाते. हौशी मंडळी सह्याद्रींतील सहलींतून फांदीवरचीं ऑर्किडें ओरबाडून आणतात आणि तीं शहरांत वर्षभरांत मरतात, त्यापेक्षां हा मार्ग किती तरी बरा. शिवाय ‘सीतेची वेणी’ म्हणून ज्या सुंदर जातीचे लोंबते घोस वर्षाऋतूच्या आरंभीं पाहावयास मिळतात, ती डेन्ड्रोबियमसारखी आडवी चालणारी नसून एका खोडावर सरळ वाढणारी आहे. तिला हे भाग पाडण्याचे नियम मुळींच लागू नाहींत.

नवी कुंडी किती मोठी घ्यावी? जितकी लहान घेववेल तितकी. मुळें कशींबशीं मावतील आणि पुढें दोन वर्षांची वाढ राहील एवढी जागा पुरे. चार-पांच खोडांच्या भागाला चार-पांच इंची कुंडी बहुधा भरपूर होते. मोठ्या कुंडीच्या मध्यभागीं ओल दिवसचे दिवस राहते आणि तेथें पोंचलेलें मूळ कुजतें. मागचीं खोडें कुंडीच्या भिंतीला टेकवावीं व नव्या कोंबासमोर मोकळी जागा ठेवावी, कारण झाड तिकडे चालणार आहे. आडवें खोड मालांत पुरूं नये; तें पृष्ठभागावर उघडें दिसलें पाहिजे. असें लावलेलें झाड प्रथम डगमगतें, आणि डगमगण्यानें नव्या मुळांचीं टोंकें कोळशावर घासून मरतात. यास्तव एक बांबूची कामठी कुंडींत घट्ट रोवून झाड तिला सुतळीनें बांधावें. कुंडी उचलून हलवली असतां झाड हललें नाहीं, तर बांधणी बरोबर.

पुढचा आठवडा माणसाच्या धीराचा असतो. कुंडीला भरपूर पाणी घालण्याची अनावर इच्छा होते, ती आवरावी. तुटलेल्या मुळांच्या जखमा कोरड्या होऊं द्याव्या. झाड सावलींत, वाऱ्याच्या जागीं ठेवून सकाळीं पानांवर पाण्याचा हलका शिडकावा करावा, एवढेंच. नंतर बेताबेतानें पाणी सुरू करावें. खोडें थोडीं सुरकुततील, त्यानें घाबरूं नये. कोठारांतील माल खर्चीं पडतो आहे इतकाच त्याचा अर्थ. खत नवीं मुळें दोन इंच होईपर्यंत देऊं नये. पाऊस लागला तर पहिल्या झडींत कुंडी वळचणीखालीं घ्यावी.

साधारण तीन-चार आठवड्यांनीं कोंबाच्या बुडाशीं वांकून पाहावें. चंदेरी मुळाचें चकचकीत हिरवें टोंक कोळशाच्या फटींत शिरलेलें दिसतें. कधीं तें कुंडीच्या भिंतीकडे वळतें आणि तिला चिकटून खालीं उतरूं लागतें. मग कामठीची सुतळी सैल करण्यास हरकत नाहीं. भाग पाडलेल्या झाडाला त्या वर्षीं फूल येईलच असें नाहीं. मागच्या, जुन्या खोडांच्या भागाला तर कधीं दोन वर्षें लागतात.